हात धुऊन, ताट घेऊन, रांगेत बस : कॉमा ऑपरेटर मराठीतून समजावताना



आजचा विषय बघून तुम्ही म्हणाल, या बाईंना काय झालं! मी प्राथमिकची शिक्षिका. डी.एड. केलेलं, संगणकाची पदवी वगैरे काही नाही. तरी आज सी भाषेतल्या एका एवढ्याशा चिन्हावर लिहायला बसलेय. ते चिन्ह आपण तिसरी-चौथीपासून शिकवतो. स्वल्पविराम. आपली मुलं त्याला सरळ कॉमाच म्हणतात.

झालं असं. माझ्या बहिणीचा मुलगा कॉलेजला जवळ पडतं म्हणून आमच्याकडे मनवेलपाड्याला राहतो. पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. एका संध्याकाळी सरळव्याजाचा प्रोग्राम लिहीत बसला होता. मुद्दल, दर, मुदत. आपलंच सातवी-आठवीचं गणित. मुद्दल ७५,५०० रुपये, दर ८, मुदत २ वर्षं. तुम्ही मनात करून बघा, व्याज १२,०८० येतं. त्याच्या स्क्रीनवर आलं १२.

"मावशी, बारा रुपये व्याज!" म्हणून आधी हसला. मग कुणीतरी सांगितलं होतं की गडबड झाली की कंस घालून बघ, म्हणून त्याने ७५,५०० भोवती कंस घातला. उत्तर आलं ८०. आता हसू गेलं. अर्ध्या तासाने लॅपटॉप बंद करून म्हणाला, "हे आपलं काम नाही. मराठी मिडियमवाल्यांना नाही जमत हे."

हे वाक्य मला लागलं. मी तेरा वर्षं मराठी माध्यमात शिकवतेय. म्हणून त्या रात्री मी त्याच्याबरोबर बसले. मला सी येत नव्हती, अजूनही फारशी येत नाही, पण एवढा एक कॉमा मी नीट समजून घेतला. आणि माझं ठाम मत झालंय की हा कॉमा मराठी शिकलेल्या मुलाला अवघड नाहीच. उलट त्याच्या व्याकरणात तो आधीपासून आहे. आपण तो दाखवून देत नाही, एवढंच.

आधी त्या दोन उत्तरांचं बघू. १२ आणि ८०. शेजारी शेजारी ठेवा, १२,०८०! बरोबर उत्तराचे दोन तुकडे पडले होते. (हा आकड्यांचा योगायोग आहे, प्रत्येक रकमेला असं होत नाही. पण मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.)

त्याने लिहिलं होतं : मुद्दल = ७५,५००;

(कोडमध्ये अंक इंग्रजीच टाकावे लागतात आणि नावंही बहुतेक जण इंग्रजीतच ठेवतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं मराठीत लिहितेय.)

आपण चौथी-पाचवीत शिकवतो की उजवीकडून तीन अंक सोडून स्वल्पविराम, मग दोन-दोन अंकांनी. हजार, लाख, कोटी वाचायला सोपं जावं म्हणून. म्हणजे तो कॉमा डोळ्यांसाठी असतो. संख्येची किंमत त्याने बदलत नाही. सी भाषेला हे माहीत नाही. सीला दिसली एक संख्या ७५, मग एक कॉमा, मग दुसरी संख्या ५००. आणि सीमध्ये अशा ठिकाणी आलेला कॉमा हा ऑपरेटर असतो. जसं अधिकचं चिन्ह दोन संख्यांवर काहीतरी करतं, तसा हाही करतो.

काय करतो? डावीकडची किंमत काढतो. ती टाकून देतो. मग उजवीकडची किंमत काढतो आणि ती पूर्ण पदावलीची किंमत म्हणून हातात ठेवतो. बस, एवढंच काम.

मग (७५,५००) ची किंमत किती? ५००. पंच्याहत्तर पाहिले, टाकले, पाचशे ठेवले. ५०० वर ८ दराने २ वर्षांचं व्याज ८० रुपये. कंस घातल्यावर ८० का आलं ते कळलं.

आणि कंस नसताना १२ का? इथे आपलं कंचेभागुबेव उपयोगी येतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आधी कोण, नंतर कोण. सी भाषेतही अशी रांग आहे, फक्त पुष्कळ लांब. त्या रांगेत बेरीज-वजाबाकीच्याही खूप मागे 'बरोबर'चं चिन्ह उभं असतं. (सीमधलं एकेरी 'बरोबर' म्हणजे "समान आहे" नव्हे. "उजवीकडचं डावीकडच्या डब्यात ठेव" असा तो हुकूम आहे.) आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेपटाला, कॉमा. त्यामुळे कंस नसला की आधी "मुद्दल = ७५" हे काम उरकतं. डब्यात ७५ जाऊन बसतात. मग कॉमाची पाळी येते, तो ५०० कडे बघतो, पण त्या ५०० चं पुढे कुणी काही करत नाही. हवेत गेले. ७५ रुपयांवरचं व्याज १२.

गंमत म्हणजे मशीनने चूक म्हणून सांगितलंच नाही. कारण सीच्या व्याकरणात हे वाक्य शुद्ध आहे! 'या किमतीचा काही उपयोग होत नाहीये' अशा अर्थाची सूचना कंपायलर देऊ शकतो, पण ती सूचना चालू ठेवावी लागते आणि मुख्य म्हणजे वाचावी लागते. आमच्या साहेबांनी दोन्ही केलं नव्हतं.

आणखी एक. लाखाची रक्कम घेतली असती, समजा १,२५,०००, तर कंस नसताना मुद्दल १ आणि कंस घातल्यावर ० झालं असतं. पूर्णांकात हिशोब केला तर दोन्ही वेळा व्याज शून्य. पोराला वाटलं असतं कंसाने काही फरकच पडत नाही. आणि २,४५,०७५ असं कंसात लिहिलं तर किंमत ७५ पण नाही, ६१ येते! कारण सीमध्ये शून्याने सुरू होणारी संख्या आठाच्या पायावर वाचली जाते, सात आठे छप्पन आणि पाच एकसष्ट. हे मी ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. असो, ती वेगळी गोष्ट.

आता मराठीकडे येते.

मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या वेळी आपण रोज काय ओरडतो? "हात धुऊन, ताट घेऊन, रांगेत बस." हे वाक्य नीट बघा. यात कामं तीन आहेत. पण क्रियापद खऱ्या अर्थाने एकच, शेवटचं 'बस'. काळ म्हणा, आज्ञार्थ म्हणा, एकवचन-अनेकवचन म्हणा, सगळं त्या शेवटच्यावर लागतं. 'बस', 'बसा', 'बसला', 'बसेल'. 'धुऊन' आणि 'घेऊन' जसेच्या तसे राहतात. ती कामं होतात, पण वाक्य कशावर संपलं ते शेवटचं क्रियापद ठरवतं.

कॉमा ऑपरेटर अगदी हेच करतो. डावीकडची कामं होतात, त्याच क्रमाने होतात, आणि पूर्ण पदावलीची किंमत शेवटच्या कामाची. नुसती किंमत नाही, प्रकारसुद्धा शेवटच्याचा. शेवटी पूर्णांक असेल तर पूर्णांक, दशांश अपूर्णांक असेल तर तो. भाच्याला मी म्हटलं, "सीमध्ये हा कॉमा दिसला की मनात 'ऊन' लाव. पंच्याहत्तर बघून, पाचशे घे." पोरगं दोन मिनिटं गप्प बसलं आणि म्हणालं, "एवढंच?"

यातली क्रमाची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. मराठीत "तो जेवतो आणि टीव्ही बघतो" म्हटलं तर आधी काय ते कळत नाही. एकदमच करत असेल (बहुतेक घरांत तसंच चालतं). पण "जेवून टीव्ही बघतो" म्हटलं की शंका संपली. सी भाषेतही असंच आहे. दोन गोष्टींची बेरीज करताना डावीकडच्या पदाची किंमत आधी काढायची की उजवीकडच्या, हे भाषेने कंपायलरवर सोडलंय. कॉमा ऑपरेटर मात्र वचन देतो, डावीकडचं पूर्ण झाल्याशिवाय उजवीकडचं सुरू होणार नाही. 'आणि' विरुद्ध 'ऊन', हाच फरक.

जुनी मोडी कागदपत्रं कधी पाहिली असतील तर आठवा. सलग ओळ, शब्दही तोडलेले नाहीत, कॉमा तर नाहीच. विरामचिन्हं मराठीत रुळली ती इंग्रजी अमदानीत, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने. त्याआधी लोकांना वाक्यातला क्रम कळत नव्हता का? कळत होता. 'करून', 'घेऊन', 'जाऊन' ही कामं करायला होतीच. म्हणजे आपल्या भाषेत चिन्ह नंतर आलं, क्रम आधीपासून होता.

आता "टाकून देतो" म्हणजे काय, हा प्रश्न. टाकूनच द्यायचं तर डावीकडे लिहायचं कशाला? हा प्रश्न मला माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारला. तो प्रसंग सांगते.

एका शनिवारी शेवटच्या तासाला मी चौथीत खेळ घेतला. चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर : "टाळी वाजवून, फळ्यावर ५ लिहून, ३ म्हण." एकाने चिठ्ठीप्रमाणे केलं. मी वर्गाला विचारलं, याने मला काय सांगितलं? सगळे ओरडले, तीन. फळ्यावर काय आहे? पाच. टाळी कुठे आहे? शांतता. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, टाळी गेली. मग ती वाजवायचीच कशाला?"

याच जागी पुष्कळ इंजिनिअरिंगची मुलं अडकतात. कामाला दोन बाजू असतात. एक, त्यातून हातात येणारी किंमत. दोन, त्याने मागे ठेवलेला परिणाम. कॉमा किंमत टाकतो, परिणाम पुसत नाही. फळ्यावरचा ५ तसाच राहिला, कारण फळा ही आठवणीची जागा आहे. संगणकात तिला मेमरी म्हणतात. हात धुतले ते स्वच्छच राहिले, जरी वाक्य 'बस'वर संपलं तरी. टाळी मात्र काही मागे ठेवून गेली नाही. ७५,५०० मधल्या ७५ चं तेच झालं. नुसता आकडा उच्चारला, कुठे ठेवला नाही, म्हणून वाया गेला.

आपल्या विरारकरांसाठी दुसरं उदाहरण. विरारहून गाडी सुटते, बोर्डावर लिहिलेलं असतं चर्चगेट. नालासोपारा, वसई, भाईंदर, बोरिवली, अंधेरी, दादर यांची नावं बोर्डावर नसतात. म्हणून का ती स्टेशनं लागत नाहीत? प्रत्येक ठिकाणी माणसं चढतात, उतरतात, भांडतात. चर्चगेटला पोचणारी गाडी ही विरारला सुटलेली गाडी राहिलेलीच नसते. बोर्डावर नाव शेवटच्या स्टेशनचं, परिणाम मात्र सगळ्या स्टेशनांचा. आणि क्रम? नालासोपाऱ्याच्या आधी वसई लागल्याचं कुणी पाहिलंय का!

म्हणून नियम साधा आहे. कॉमाच्या डावीकडे असं काम असावं जे काहीतरी मागे ठेवतं. नाहीतर ती टाळी.

मग हा ऑपरेटर खऱ्या कामात कुठे वापरतात? मुख्यतः एकाच ठिकाणी, फॉर लूपमध्ये. "रामाला भाला मारा" हे उलटसुलट सारखं वाचलं जाणारं वाक्य आपण वर्गात गंमत म्हणून घेतो. ते तपासताना मुलं काय करतात? एक बोट पहिल्या अक्षरावर, दुसरं शेवटच्यावर. दोन्ही अक्षरं जुळली की डावं बोट पुढे, उजवं बोट मागे, भेटेपर्यंत. फॉर लूपमध्ये "डावं = सुरुवात, उजवं = शेवट" असं एका कॉमाने आणि "डावं एक घर पुढे, उजवं एक घर मागे" असं दुसऱ्या कॉमाने लिहितात. दोन्हीकडे काहीतरी खरंच हलतंय, दोन्हीकडे परिणाम आहे. इथे कॉमा शोभतो. (आपलं 'रा' हे एक अक्षर संगणक र आणि काना असे दोन तुकडे करून ठेवतो, त्यामुळे हेच वाक्य मशीनवर साध्या पद्धतीने तपासलं तर "नाही, उलटसुलट नाही" असं उत्तर येतं. मुलांना हेही सांगा, त्यांना फार आवडतं.)

डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सी बनवली. ब्रायन कर्निहन आणि त्यांचं सीवरचं पुस्तक १९७८ चं. त्याच पुस्तकात असं सुचवलंय की कॉमा ऑपरेटर मुख्यतः फॉर लूपमध्ये आणि तोही जपून वापरावा. पुढच्या भाषांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. १९९५ च्या जावास्क्रिप्टने तो जसाच्या तसा उचलला. जावाने ही मुभा फक्त फॉर लूपच्या ओळीपुरती ठेवली. गो भाषेने काढूनच टाकला. पायथनमध्ये कॉमा असतो, पण तो काही टाकून देत नाही, सगळ्यांना एका गाठोड्यात बांधतो. तिथे ७५,५०० लिहिलं तर ७५ आणि ५०० ची जोडी मिळते. आणि मोठी संख्या वाचायला सोपी हवी असेल तर पायथन आणि जावामध्ये कॉमाऐवजी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर घालता येतो. तोही तीन-तीन अंकांनीच घालायची सक्ती नाही. १_२५_००० असं आपल्या लाखाच्या पद्धतीने चालतं. हे कळलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

म्हणजे ज्यांनी भाषा बनवल्या त्यांनाही या चिन्हाची धास्ती होती. आणि आपण काय करतो? परीक्षेत एक गुणाचा प्रश्न टाकतो. "क = (१, २, ३); क ची किंमत किती?" पर्याय चार. मुलं पाठ करतात, 'शेवटचा आकडा'. मग पुढच्या प्रश्नात कंस काढतात आणि मुलं आपटतात, कारण क चक्क १ झालेला असतो. भाच्याच्या नोट्समध्ये या विषयावर फक्त असे प्रश्न होते. कशासाठी आहे, कुठे वापरायचा, डावीकडे काय असावं, क्रमाचं वचन काय, एक अक्षर नाही. या प्रकाराला माझा विरोध आहे. कूटप्रश्नांनी मूल सावध होतं असं काही सहकारी म्हणतात. होत असेल, ज्याला आधी समजलंय ते होत असेल. ज्याला समजलेलं नाही ते एवढंच शिकतं की इथे फसवतात.

आता थोडं सावधही करते, कारण मी स्वतः 'ऊन'च्या प्रेमात पडले होते आणि भाच्यानेच मला जागेवर आणलं. प्रत्येक कॉमा हा 'ऊन' नसतो. मराठीतही नसतो. "पेन, वही, पुस्तक आण" यात कॉमा म्हणजे 'आणि'. वस्तू वेगळ्या करतो, एवढंच. सी भाषेतही तसंच आहे. फंक्शनला दोन-तीन गोष्टी देताना मध्ये कॉमा येतो, तो नुसता वेगळं करणारा. तिथे डावीकडची किंमत आधी काढली जाईल असं वचनही नाही. नवे डबे जाहीर करताना, म्हणजे "पूर्णांक मुद्दल, दर, मुदत;" असं लिहिताना येतो, तोही यादीतला कॉमा. म्हणून पोराने नंतर जाहीर करण्याच्या ओळीतच "पूर्णांक मुद्दल = ७५,५००;" लिहून पाहिलं तेव्हा मशीनने थेट चूक दाखवली. तिथे कॉमानंतर नव्या डब्याचं नाव हवं होतं आणि ५०० हे काही नाव होऊ शकत नाही. तेच चिन्ह, तेच आकडे. एका ओळीत मुकाट्याने चुकीचं उत्तर, दुसरीत सरळ नकार. मुलाचा गोंधळ उडणारच.

उलट चूकही होते. यादीतल्या कॉमाची सवय असलेलं मूल अट लिहिताना कॉमाला 'आणि' समजतं. "जर (हजेरी >= ७५, गुण >= ३५) तर पास". त्याच्या मनात दोन्ही अटी आहेत. सी मात्र हजेरी तपासून, टाकून, फक्त गुण बघतो. वर्षभर शाळेत न आलेलाही पास! तिथे 'आणि'चं वेगळं चिन्ह आहे, तेच वापरायचं.

आणि 'ऊन' कधी कधी कारणही सांगतो. "धावून दमला" म्हणजे धावला म्हणून दमला. संगणकाच्या कॉमात 'म्हणून' नाही, फक्त 'आधी' आहे. उपमा एवढीच ताणायची.

पालकांनी मला विचारलं तर मी काय सांगेन तेही लिहिते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवलेत. लॉकडाऊनच्या काळात तर सहा वर्षांच्या मुलांनी अ‍ॅप बनवल्याच्या जाहिराती घरोघर दिसत होत्या. आमच्या भागातले पालक सकाळच्या गाडीने जातात, रात्री परततात, आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून मला विचारतात, "टीचर, क्लास लावू का?" फी ऐकून माझंच पोटात गोळा येतो. माझं म्हणणं असं की चौथी-पाचवीच्या मुलाला क्लास लावण्याआधी घरी दोन गोष्टी करून बघा. त्याला चहा करायची कृती 'ऊन' लावून एका वाक्यात सांगायला लावा. पाणी उकळून, साखर घालून, पावडर टाकून... आणि मध्येच क्रम बदलून विचारा, आता काय होईल? गाळून मग दूध घातलं तर? आणि दुसरं, प्रत्येक पायरीला विचारा, यानंतर पातेल्यात काय आहे? ही दोन्ही उत्तरं ज्याला देता येतात त्याला पुढे चिन्हं शिकवणं ही आठवड्याभराची गोष्ट.

आणि आपण शिक्षकांनी? मी माझ्यापुरतं एक बदललंय. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आपण २०१० पासून करतोय, पण खरं सांगायचं तर गणिताच्या वहीत मी शेवटची ओळ बघूनच बरोबर-चूक करत होते. साठ वह्या असल्या की दुसरं काय करणार. हातच्याची वजाबाकी करताना मुलगा मधे काय खोडतो, काय उसनं घेतो, हे मी कॉमासारखं टाकून देत होते. आता निदान चुकलेल्या उत्तरांपुरतं तरी वरची ओळ बघते. त्यात एक मुलगा सापडला. प्रत्येक उदाहरणात दशकाकडून बरोबर उसनं घेत होता, पण दशकातला एक कमी करायचं फळ्यावर आणि वहीत लिहीतच नव्हता, मनात करायचा आणि विसरायचा. त्याला तेव्हापासून आम्ही गमतीने म्हणतो, "अरे, टाळी वाजवू नकोस, लिहून ठेव."

भाच्याचं काय झालं ते राहिलंच. त्याने कॉमा काढून ७५५०० लिहिलं, उत्तर आलं १२०८०. ते त्याने वहीत उतरवलं, मोठ्याने वाचलं, "बारा हजार ऐंशी", आणि पेनाने दोन आणि शून्याच्या मध्ये स्वल्पविराम दिला.